मानेवर पडदा असलेली टोपी: वाळवंटी पटक्यांकडून काय घ्यावं आणि काय सोडून द्यावं

चांदवडकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: त्यांच्या बचत गटाचं शिवणयुनिट आहे. उन्हाळ कांद्याच्या काढणीला जाणाऱ्या बायकांसाठी आणि दुचाकीवर फिरणाऱ्या पोरांसाठी मानेवर पडदा असलेल्या टोप्या शिवायचा त्यांचा विचार आहे. ऑनलाइन ‘वाळवंटी पोशाखापासून प्रेरित’, ‘यूपीएफ ५०+’ (कापड उन्हातले अतिनील किरण किती अडवतं, त्याचा आकडा) असं छापलेल्या टोप्या भारी किमतीला विकल्या जातात. त्यात खरं किती, कापड कुठलं घ्यावं, रंग पांढरा की काळा, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, आधी जाहिरातीचं बोलू. वाळवंटाशी नातं आहे, पण ते थेट नाही, वाटेत लष्कर लागतं. टोपीला मागे कापडाचा तुकडा शिवायची पद्धत एकोणिसाव्या शतकात उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या फ्रेंच पलटणींत आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेत रूढ झाली. १८५७ मध्ये कानपूर-लखनौच्या मोहिमेवर असलेल्या जनरल हॅवलॉकच्या नावाने तो पडदा पुढे ‘हॅवलॉक’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. स्थानिक माणूस डोक्या-मानेला कापड गुंडाळून उन्हात दिवस काढतो, हे लष्कराने पाहिलं होतं. पण सैनिकाला रोज पटका बांधायला वेळ कुठला? गणवेशही सगळ्यांचा सारखा दिसायला हवा. म्हणून त्यांनी पटक्याचा एक तुकडा उचलला आणि टोपीला टाचून दिला.

फसगत इथेच होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा उत्तरेकडच्या बायकांनी उत्साहाने हजारो हॅवलॉक शिवून सैनिकांना पाठवले. सैनिकांनी ते थोडे दिवस घातले आणि मग त्या कापडाने कॉफी गाळली, बंदुका पुसल्या. पडद्यामुळे मानेभोवतीची हवाच बंद होते, अशी त्यांची तक्रार होती. ऊन अडलं, पण घामही आतच कोंडला. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी सैनिकाच्या टोपीचा पडदा बघा. तो सलग नव्हता, सुट्या चार पट्ट्यांचा होता. चालताना पट्ट्या हलायच्या आणि फटींतून वारा मानेला लागायचा. आकार जवळपास तोच, पण हा पडदा शिवणाऱ्याने हवेचा विचार केला होता. आज ऑनलाइन मिळणाऱ्या टोप्यांतही हे दोन प्रकार आहेत आणि किमतीवरून ते ओळखू येत नाहीत.

आता मूळ वस्तूकडे जाऊ. अरबस्तानातला आणि जॉर्डन-पॅलेस्टाइनकडचा रुमाल म्हणजे साधारण सव्वा मीटरचं चौकोनी सुती कापड. कोपऱ्यावर कोपरा आणून त्याचा त्रिकोण करतात, घडी कपाळावर घेतात आणि वरून काळी दोरीची कडी बसवतात. आत छोटी गोल टोपी असते. तुम्ही शिवणकाम करता म्हणून दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, त्या नुसता फोटो पाहून लक्षात येत नाहीत. एक, कपाळावर येणारी घडी कापडाच्या उरेपावर, म्हणजे ताण्याबाण्याला तिरकी, पडते. म्हणून ती थोडी ताणते, डोक्याच्या गोलाईवर चुणी न पडता बसते आणि इलॅस्टिक लागत नाही. दोन, तिरकी घडी घातली की डोक्यावर आणि मानेवर कापड आपोआप दुहेरी होतं. टोकं मात्र सुटी राहतात. वारा आला की ती फडफडतात, वाळू उडाली की तोंडावरून फिरवून खोचता येतात, सावलीत बसलं की मागे टाकता येतात. दिवसभरात तोच रुमाल चार वेळा चार तऱ्हांनी बसतो.

सहारातल्या तुआरेग पुरुषांचा पटका आणखी मोठा, चार-पाच मीटरपासून दहा मीटरपर्यंत. नायजर, माली, अल्जीरिया असा त्यांचा मुलूख. त्यांच्यातलं उंची कापड नायजेरियातल्या कानो भागातून येतं. अगदी अरुंद पट्ट्या एकमेकींना शिवून ते केलेलं असतं आणि त्यात नीळ अक्षरशः कुटून बसवलेली असते, इतकी की ती कातडीला लागते. तोंड झाकायचं कारण तिथे केवळ ऊन नाही. वडीलधाऱ्यांसमोर, सासुरवाडीच्या माणसांसमोर पुरुषाने तोंड उघडं ठेवणं त्यांच्याकडे अशिष्ट समजतात. ‘वाळवंटी लोकांनी सूर्यापासून बचावासाठी शोधलेलं तंत्र’ असं जाहिरातीत वाचलं की हे आठवायचं. पोशाखाला मानमर्यादा, जातकुळी, प्रदेश अशी दहा कारणं असतात, त्यातलं एक ऊन. अर्थात, तोंडावर कापड असलं की श्वासातला ओलावा त्यात अडकतो आणि कोरड्या हवेत नाक-घसा सुकत नाही, हा फायदा खराच.

राजस्थानातला साफा साधारण नऊ मीटर लांब आणि मीटरभर रुंद. पगडीचं कापड त्याहून खूप लांब, पण वीतभर रुंदीचं. जोधपूरला गेलात तर मेहरानगडावरच्या संग्रहालयात पगड्यांचं दालन आहे, ते जरूर बघा. रंगांकडे सगळेच बघतात, तुम्ही वेढ्यांमधल्या पोकळ्या बघा. डोकं आणि बाहेरचं ऊन यांच्यात कापडाच्या जोडीला कापडात अडकलेली हवा असते. आपल्याकडच्या धनगरांचं मुंडासंही याच तत्त्वावर चालतं. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही.

आता यूपीएफचा आकडा. यूपीएफ ५० म्हणजे कापडावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्के, आत जातो. याचं पहिलं मानक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ मध्ये केलं. तिथे गोऱ्या कातडीच्या लोकांत त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं आहे, म्हणून हा आग्रह. चाचणीत कापडाचा सपाट, कोरडा, न ताणलेला तुकडा यंत्रात धरतात आणि त्यातून किती किरण पार होतात ते मोजतात. २०१७ च्या सुधारणेत कपड्याने अंग किती झाकलं पाहिजे, याच्याही अटी आल्या. त्याआधी चार बोटांच्या कापडावरही मोठा आकडा मिरवता येत होता. तिथे टोपीची कड मोठ्यांसाठी किमान साडेसात सेंटिमीटर असावी असं सांगतात. मानेवर पडदा असलेली टोपी त्यांना मान्य आहे, नुसती क्रिकेटची कॅप मान्य नाही.

या आकड्यामागचं गणित शिवणाऱ्या माणसाने एकदा समजून घेतलं की पुढची खरेदी सोपी होते. धागा स्वतः किरण पूर्ण अडवतो असं धरा. कापडाचे शंभरातले ९८ भाग धाग्याने झाकलेले असतील, तर उरलेल्या दोन भागांतून ऊन सरळ आत येणार. म्हणजे आकडा जास्तीत जास्त ५०. झाकलेले भाग ९३ असतील तर आकडा एकदम १४-१५ वर घसरतो. म्हणून एका थरात ५०+ हवा असेल तर कापड गच्च विणावं लागतं, आणि गच्च विणलं की हवा थांबते. बाजारातल्या बऱ्याच टोप्या पॉलिएस्टरच्या का असतात, त्याचं उत्तर यात आहे. पॉलिएस्टरचा धागा अतिनील किरण स्वतः शोषतो, त्यामुळे पातळ कापडातही आकडा वर जातो.

वाळवंटातला माणूस हा आकडा दुसऱ्या वाटेने गाठतो. समजा विरळ मलमल आहे, एका थरातून वीस टक्के किरण पार होतात. आकडा फक्त ५. त्यावर दुसरा थर टाकला की वीस टक्क्यांचे वीस टक्के, म्हणजे चार टक्के. आकडा २५. तिसरा थर पडला की ०.८ टक्के, आकडा सव्वाशे. प्रत्यक्षात गणित इतकं चोख बसत नाही, भोकं एकमेकांसमोर येतात, थर सरकतात. पण दिशा हीच. प्रत्येक थर विरळ राहतो, त्यातून हवा खेळते, आणि सगळे मिळून ऊन अडवतात. पटक्याचं सगळं तंत्र या घड्यांमध्ये आहे, आणि टोपी कंपन्यांनी नेमकं तेच सोडून नुसता आकार उचलला. तुम्हाला बाजारात वेगळं काही द्यायचं असेल तर इथे द्या.

रंगाचा प्रश्न लोक फार घाईने सोडवतात. पांढरं थंड, काळं गरम, झालं. १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात भर दुपारी, ३५ ते ४६ अंशांच्या उन्हात, एका माणसाला पाळीपाळीने बेदुईनांचा (वाळवंटातल्या भटक्या अरबांचा) काळा झगा, तसाच पांढरा झगा, खाकी लष्करी कपडे आणि नुसती चड्डी घालून उभं केलं. काळ्या झग्याने ऊन जास्त ओढलं, पण काळ्यात आणि पांढऱ्यात कातडीपर्यंत पोचलेली उष्णता सारखीच निघाली. झगा ढगळ होता. कापड तापलं तरी ते अंगाला चिकटलेलं नव्हतं, मधल्या हवेने ती जादाची उष्णता आत येण्याआधीच वाहून नेली. म्हणून काळा रंग चालतो, पण तो सुटा लोंबत असेल आणि वारा असेल तरच. तोच काळा रंग डोक्याला घट्ट बसणाऱ्या टोपीला दिलात तर बाई दहा मिनिटांत काढून ठेवेल.

दुसरीकडे, गडद रंग अतिनील किरण जास्त अडवतात. नीळ तर चांगलीच अडवते, आणि ब्लीच केलेलं पांढरंशुभ्र सुती कापड सगळ्यात कमी. म्हणून माझा सल्ला मिश्र आहे. डोक्यावरचा भाग फिका, सैल, वर हवेसाठी जाळी असलेला. मानेवरचा सुटा पडदा निळा किंवा खाकी. कडेची खालची बाजू गडद, म्हणजे जमिनीवरून उसळणारी तिरीप तिथून पुन्हा डोळ्यांवर येत नाही. कोरडी वाळू साधारण पंधरा टक्के अतिनील किरण परत फेकते. तुमच्या वाफ्यातली माती तेवढी फेकणार नाही.

कापडाचं सांगतो. पडद्यासाठी दुहेरी मलमल किंवा हलकं कॅम्ब्रिक घ्या, टोपीच्या कडेला पॉपलिन. इचलकरंजीत हे सगळं मिळतं, मालेगाव तर तुम्हाला जवळच. ब्लीच न केलेलं कोरं कापड मिळालं तर उत्तम, कारण कापसातला मूळचा पिवळसर अंश थोडे किरण अडवतो आणि भावही कमी पडतो. मात्र खळ पूर्ण निघेपर्यंत धुऊन घ्या. खळीचं कापड हातात भरदार लागतं आणि पहिल्या धुण्यानंतर त्याचं जाळं होतं. तसंच न आटवलेलं कापड कापू नका. आटल्यावर वीण जवळ येते, आकडा थोडा सुधारतो, पण माप बिघडतं. ताणणाऱ्या होजिअरीबद्दल मला शंका आहे. ताणली की भोकं उघडतात आणि चाचणीचा आकडा न ताणलेल्या तुकड्याचा असतो. गळ्यात घालून नाकापर्यंत ओढायच्या नळीसारख्या मफलरी, ज्या स्पेनच्या बफ कंपनीमुळे जगभर पसरल्या, सायकलवाल्यांना ठीक आहेत. घामाने ओली झालेली ती नळी तोंडाला चिकटवून आठ तास कांदा काढणं कुणालाही जमणार नाही.

ओल्या कापडाविषयी एक सावधगिरी. सुती कापड भिजलं की त्यातून किरण जास्त पार होतात, एकेरी असेल तर चांगलाच फरक पडतो. तरी एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पडदा भिजवून घेणं फायद्याचंच, कारण आपल्याकडे कातडी भाजण्यापेक्षा उन्हाचा झटका हा मोठा शत्रू आहे. गडद कातडीला ऑस्ट्रेलियातल्या माणसाइतका कर्करोगाचा धोका नाही, पण उष्माघाताला कातडीचा रंग कळत नाही. म्हणून आकडा ५० च्या ऐवजी ३० आला आणि हवा दुप्पट खेळली तर मी ३० घेईन. मात्र हे सगळं कोरड्या हवेपुरतं. वाळ्याचा कूलर नागपूरला खोली गार करतो आणि मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो, भिजवलेल्या पटक्याचंही तसंच. कोकणातून मागणी आली तर तिकडे थर कमी करा, कड रुंद करा आणि पडदा बटणांवर काढता-घालता येईल असा द्या.

आता तुमच्या कामाचा खरा कठीण भाग, आणि तो कुठल्याही वाळवंटी पोशाखात सापडणार नाही. उंटावरचा माणूस ताठ बसतो. कांदा काढणारी बाई कमरेत वाकलेली असते. ती वाकली की सूर्य थेट मानेच्या मागच्या बाजूवर आणि ब्लाउजच्या गळ्यात येतो, टोपीची पुढची कड जमिनीकडे बघते, आणि मागचा पडदा घसरून गालांवर येतो. मग तिला विळा दिसत नाही. ती पडदा मागे ढकलते, तो परत येतो, तिसऱ्या वेळी टोपी बांधावर जाते. म्हणूनच आपल्या बायका टोपीऐवजी रुमाल हनुवटीखाली बांधतात आणि साडीवर नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट चढवतात. या जोडीला हरवेल अशी टोपी अजून मी पाहिलेली नाही. तुमची टोपी त्या शर्टाबरोबर चालली पाहिजे.

मी असं करीन. पडदा एका कानाच्या पुढून दुसऱ्या कानाच्या पुढपर्यंत, लांबी शर्टाच्या कॉलरच्या खाली चार बोटं. सलग तुकडा नको. दोन पल्ले घ्या, मध्ये मानेमागे एकमेकांवर तीन बोटं चढलेले, म्हणजे फट राहते पण ऊन आत येत नाही. प्रत्येक पल्ला दोन थरांचा, पण थर फक्त वरच्या शिवणीत जोडायचे, खाली आणि बाजूंना सुटे. चारी बाजूंनी शिवलेत तर तो जाड एकेरी कापडासारखाच वागेल. खालची दुमड रुंद घ्या, तिच्या वजनाने पल्ला जागेवर राहतो. पुढची दोन्ही टोकं हनुवटीखाली सैल येतील अशी ठेवा. कपाळाशी आतून उरेप पट्टी लावा, सुती, दोन बोटं रुंद. इलॅस्टिक फक्त मागे, आणि तेही कमी.

बंद काय वापरायचा, यावर थोडा वेळ घालवा. वेल्क्रो लावू नका. त्यात गव्हाची कुसळं आणि कांद्याचे पापुद्रे अडकतात, आठवड्यात ते धरेनासं होतं. गाठ मारायची नाडी तर अजिबात नको. त्याच बायका मळणीयंत्रावरही जातात, आणि यंत्रात सापडलेलं टोक गाठ असेल तर माणसाला सोडत नाही. टिचबटण लावा. ओढ बसली की ते सुटलं पाहिजे, हाताने झटका देऊन तपासा, आणि घट्ट बसणारं बटण निवडून बाजूला काढा.

दुचाकीवरच्या पोरांसाठी हीच टोपी चालणार नाही. हेल्मेटखाली घड्या टोचतात आणि हेल्मेट नीट बसत नाही. त्यांना डोक्यावर एकेरी पातळ कापड आणि मानेवर दुहेरी पडदा एवढंच द्या, पडद्याची टोकं जॅकेटच्या आत जातील इतकी आखूड. पुण्या-नाशकात मुली स्टोल बांधून वर सनकोट घालतात. मुलींचं ते काम चोख असतं, फक्त स्टोलची मागची टोकं मोकळी सोडलेली दिसली की मला चाकाची धास्ती वाटते. तुम्ही मुलींसाठीही काही शिवणार असाल तर टोकं आत खोचायला सनकोटच्या पाठीवर एक पट्टी द्या. कुणी दिलेली मी तरी पाहिलेली नाही.

लेबलवर चाचणी केल्याशिवाय यूपीएफचा आकडा छापू नका. घरगुती परीक्षा म्हणून कापड खिडकीत धरून बघता येतं. भोकं दिसली तर किरणही जाणार, हे नक्की. पण उलटं खरं नाही. काही गच्च दिसणारी सुती कापडं अपेक्षेपेक्षा कमी भरतात आणि पातळ पॉलिएस्टर जास्त भरतं. सुरुवातीला ‘दुहेरी सुती पडदा’ एवढंच लिहून विका, ते खरं आहे आणि गिऱ्हाइकाला हाताला लागतं. पुढे मोठी मागणी आली तर कापड-संशोधन संस्थांकडे जा. मुंबईत घाटकोपरला बीटीआरए आहे, अहमदाबादेत अटिरा. दर आधी विचारून घ्या. पाच धुणी झालेला नमुना द्या, कोरा देऊ नका. आणि सोबतच्या कागदावर स्पष्ट लिहा की पडदा दोन सुट्या थरांचा आहे आणि दोन्ही एकत्र मोजायचे आहेत. नाहीतर ते एकच थर यंत्रात धरतील आणि तुमच्या हाती एक आकडी निकाल पडेल.